लाखेचे तीन हात

मंगळवार, १४ एप्रिल

झोपायच्या खोलीतलं लिनोलियम एकदाचं उचकटलं! खाली पाइनच्या जुन्या फळ्या, आणि पलंगाच्या नोल्बेर्तोच्या बाजूला हा एवढा काळा डाग. वासाचा असा भपकारा आला की मी खिडकीच गाठली. नवरोजी दारातूनच — "बघितलंस? टोकीचे प्रताप!" बिचाऱ्या कुत्र्याला नणंदेकडे किल्योताला पाठवून पंधरा दिवस झाले, तरी त्याच्या नावानं खडे फोडणं चालूच.

नोल्बेर्तोची अट अशी की वास गेला तर टोकी परत. म्हणून ही सगळी उठाठेव. मला माझा कुत्रा हवाय.

गुरुवार, १६ एप्रिल

खिळे उपटले. फळ्या व्हिनेगरनं धुतल्या. आता म्हणे वाळू द्यायच्या. बंदरावरून धुकं टेकडी चढून सरळ खिडकीत शिरतंय, वाळतात कशाला! सारखी जाऊन हात लावून बघते. लाख विकणाऱ्या दुकानदारानं बजावलंय — "बाई, ओल राहिली तर लाख धरणार नाही, घाई करू नका." याला काय जातंय सांगायला!

शनिवार, १८ एप्रिल

वाळल्या. हलणाऱ्या फळ्या स्क्रूनं आवळल्या, भेगांत भुसा आणि सरस भरला, मग पॉलिशपेपर. नोल्बेर्तो गुडघे टेकून घासत होता. बंदरात क्रेन चालवताना तरी एवढा घाम गाळला होता की नाही कोण जाणे.

"अरे, पाठीचं काय?"

"मरू दे पाठ. वास गेला पाहिजे."

संध्याकाळी दोस्तांनी रस्त्यावरून हाका मारल्या, डॉमिनोला चल म्हणून. "सर्दी झालीय सांग," म्हणाला. सर्दी कसली! हल्ली घर सोडतच नाही.

रविवार, १९ एप्रिल

बैठकीच्या खोलीत मुक्काम. मी सोफ्यावर, तो आरामखुर्चीत. सकाळी स्वतःचं पांघरूण स्वतः धुऊन दोरीवर! सत्तरीत नवऱ्याला धुण्याची हौस! शेजारणीला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

सोमवार, २० एप्रिल

लाखेचा पहिला हात. स्पिरिटनं डोकं गरगरतंय.

नणंदेचा, उर्सुलाचा फोन — "वहिनी, तुझा टोकी इथे एकदाही घरात मुतला नाही गं. लागली की दार खरवडतो." म्हणजे आमच्याच घरी वळण सोडलं होतं का त्यानं? असा राग आला! नोल्बेर्तोला सांगितलं. तो म्हणाला, "परकं घर आहे, वागतोय शहाण्यासारखा." असेल बाई.

मंगळवार, २१ एप्रिल

दुसरा हात.

बुधवार, २२ एप्रिल

पालथी पडून डागाला नाक लावलं. काही नाही! नुसती लाख. तरी हा म्हणतो, "अजून एक हात मार." "अरे, जहाज बांधतोयस का?" हसलासुद्धा नाही. मारला तिसरा. हात चिकट, नखं पिवळी, जीव नुसता टांगणीला.

शनिवार, २५ एप्रिल

लाख वाळली, फळ्या तयार! काय चकचकीत! पाणी सांडलं तर थेंब तसाच उभा, आत काही म्हणून जिरत नाही. लगेच उर्सुलाला फोन केला, शुक्रवारी टोकीला घेऊन ये म्हटलं. नोल्बेर्तो खूश होईल असं वाटलं होतं. अव्होकॅडो लावलेला पाव तसाच ठेवून उठला. "इतकी घाई कशाला?" म्हणाला. भांडले मी. वास गेला, आता काय अडलंय तुझं?

पलंग परत खोलीत आणलाय.

सोमवार, २७ एप्रिल

पाव घेऊन आले तर नोल्बेर्तो पलंगाशी गुडघ्यांवर. पायजमा ओला. लाखेवर पसरलेलं तळं तो स्वतःच्या सदऱ्यानं पुसत होता. लाखेआधी फळ्या सगळं पिऊन टाकत होत्या, आता पीत नाहीत.

वर न बघता म्हणाला, "टोकी शिरला होता."

टोकी किल्योताला आहे.

"शिरला असेल," मी म्हटलं. आणि फडकं घेऊन त्याच्या शेजारी बसले.