तत्कालीन तलाठी

१२ नोव्हेंबर, बुधवार
उन्हाळ्यापासून वहीला हात नाही. चुकलंच. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही, आळस.
आज आदेश हातात पडला. तालुक्यातल्या सगळ्या सरकारी जमिनींच्या माहितीची जबाबदारी माझ्या नावे. आजवर ती सगळ्यांची होती, म्हणजे कुणाचीच नाही. आता प्रत्येक नोंद तपासून सही मी करायची. खरं सांगायचं तर आनंद झाला. हे म्हणाले, "सही करायला मिळाली म्हणून खूश होणारी तू एकटीच."

१४ नोव्हें., शुक्र.
कांताबाई आल्या होत्या, हातात अतिक्रमणाची नोटीस. शेजारचं गायरान त्यांच्या कापसात निम्म्यापर्यंत शिरलंय. कागदावर.
"म्याडम, आमी तर हाय तिथंच हाव. सरकारच सरकत आलं व्हय?"
हसू आलं. पण बाई नोटीस टेबलावर ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. सोमवारी जुनी नोंद काढते म्हटलं.

१७ नोव्हें., सोम.
रेकॉर्ड रूममधल्या शफीकभाईंनी जुनं रजिस्टर शोधून दिलं. गायरान ३ एकर २० गुंठे. नव्या नोंदीत ३ हेक्टर २० आर. आकडे तेच, जमीन दुपटीहून जास्त.
नव्या नोंदीतलं अक्षर माझं. पंधरा वर्षांपूर्वी तिथं तलाठी मीच होते.
शफीकभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहवालात 'तत्कालीन तलाठी' लिहा अन् सोडा ना मॅडम. तत्कालीन लई सोयीचा माणूस. कधी सापडतच नाय."
मीही कितीदा लिहिलाय तो शब्द. दुसऱ्यांबद्दल.

१८ नोव्हें., मंगळ.
दोन मसुदे केले. एकात तत्कालीन तलाठी, दुसऱ्यात माझं नाव. पदोन्नतीची यादी अजून लागायची आहे. दुपारपर्यंत पहिलाच वर होता, हे इथं तरी कबूल करते. मग फाडला. दुसरा तहसीलदार साहेबांकडे दिला. त्यांनी वाचून पाहिला. "ठेवा, बघू." काय बघणार, कोण जाणे.
कांताबाईंना फोन केला. दुरुस्तीचा प्रस्ताव दिलाय, निर्णय व्हायचाय.
"मंग चूक कुणाची व्हती?"
"माझी."
"तर तुमीच नीट करा. दुसऱ्याच्या हाती देऊ नगा."
घरी येऊन पोटभर जेवले. कालपासून पहिल्यांदाच.
तलाठ्याच्या त्या सज्जात, म्हणजे हद्दीत, माझ्याकडे आणखी चार गावं होती. तिथंही मीच...

उद्या: चारही गावांची जुनी रजिस्टरं काढायला सांगणे.