शेळीबाई अजून लिफ्टमध्येच आहेत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
प्रसारण केंद्र, दुसरा मजला
(बंद पंख्याखालचे टेबल)

विषय : ‘शेळीबाई हजर’ या विनोदी कार्टून मालिकेचा सव्विसावा व शेवटचा भाग आजतागायत प्रसारित झालेला नसल्याने, त्याची फीत नष्ट न करता एकदा तरी दाखवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज.
२) आपले एकच उत्तर, सहा वेळा.

महोदय,

अर्ज टंकलिखितच असावा, अशी सूचना आपल्या खिडकीच्या काचेवर चिकटवलेली आहे. ती अर्जदाराने सहा वेळा वाचली आहे. तरीही हा सातवा अर्ज हाताने लिहिला असून त्याचे कारण परिच्छेद ७ मध्ये येईल. तोवर मजकुराकडे दुर्लक्ष करण्याची आपली पद्धत चालू ठेवण्यास हरकत नाही, मात्र अक्षराकडे लक्ष असू द्यावे.

१. अर्जदार याच केंद्रातून निवृत्त झालेला आहे. अर्जदाराची पत्नी सदर मालिकेची चित्रकार होती. आपण या पदावर अलीकडे आलात आणि वाचनाचा आपल्याला कंटाळा आहे हे दिसतेच, म्हणून मालिकेची गोष्ट थोडक्यात सांगतो. एका कार्यालयात नजरचुकीने एका शेळीची कारकून म्हणून नेमणूक होते. ती फायली खाते. त्यामुळे प्रलंबित प्रकरणे इतक्या झपाट्याने निकाली निघतात की साहेब खूश होऊन तिला बढती देतात. सव्वीस भागांत ती शेळी आहे हे कोणाच्याही लक्षात येत नाही. ही मालिका पाहून पोरे हसत आणि त्यांचे नोकरदार बाप हळूच उठून पाणी प्यायला जात.

२. केंद्राच्या वर्धापनदिनी आपण जी गुळगुळीत कागदाची गौरव पुस्तिका काढली, तिच्या पान ४१ वर असे वाक्य आहे : ‘ही मालिका सलग सव्वीस आठवडे, दर रविवारी सकाळी नऊ वाजता प्रसारित झाली.’ या वाक्यात ‘ही मालिका’ एवढेच खरे आहे. प्रत्यक्षात पहिले चार भाग रविवारी दाखवले. पाचव्या रविवारी पोहण्याच्या स्पर्धा आल्या, म्हणून शेळीबाईंना बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी ढकलले. त्या वेळी मुले शाळेतून घरी चालत येत असतात, हे केंद्रातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आले नाही. तेरावा भाग बाराव्याच्या आधी गेला. त्यामुळे शेळीला आधी बढती मिळाली आणि पुढच्या आठवड्यात तिने बढतीसाठी अर्ज केला. प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही, त्यांनाही कार्यालयांची सवय होती. सतरावा भाग तीनदा दाखवला, कारण कपाटात तीच फीत वर होती. एकोणिसावा अर्ध्यावर तोडला, कारण पुढच्या कार्यक्रमाच्या निवेदिका लवकर येऊन बसल्या होत्या. बाविसाव्याला आवाजच नव्हता. ‘आतापर्यंतचा सर्वांत चांगला भाग’ अशी चार पत्रे आली, आणि ती केंद्राने फलकावर लावली.

३. पंचविसाव्या भागाच्या शेवटी शेळीबाई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकतात, वीज जाते, आणि अंधारात फक्त चघळण्याचा आवाज येत राहतो. सव्विसाव्यात त्या बाहेर पडतात आणि कार्यालय कायमचे सोडतात. हा भाग एकोणतीस वर्षांत कोणीही पाहिलेला नाही. याचा परिणाम असा, की चाळिशीला आलेली, स्वतःची टक्कले नि चष्मे सांभाळणारी माणसे अर्जदाराच्या पत्नीला रस्त्यात अडवतात. बँकेतला कॅशियर, औषधाच्या दुकानातल्या बाई, अर्जदाराचा न्हावी, सगळ्यांचा प्रश्न एकच : “काकू, ती लिफ्टमधून निघाली का हो?” पत्नी सांगते, निघाली. त्यांचा विश्वास बसत नाही.

४. घडले ते असे. एका गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी शेवटचा भाग ठरलेला होता. त्याआधी नव्या पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाचे थेट प्रक्षेपण होते, नऊ मिनिटांचे. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटे बोलले. टाकी रिकामी होती, पाहुणे नव्हते. त्यांचे संपले तेव्हा बातम्यांची वेळ झाली होती. अकरा मिनिटांची शेळी कोणाला आठवली नाही.

५. आपला नियम १४ म्हणतो, की एकदाही प्रसारित न झालेली फीत दाखवल्याखेरीज नष्ट करता येत नाही. नियम १५ म्हणतो, की एकदा दाखवलेला विनोदी कार्यक्रम पुन्हा दाखवण्याची तरतूद नाही. म्हणजे सगळे त्या संध्याकाळी काय झाले यावर अडले आहे. अर्जदाराने भाषणाच्या लांबीची टीका करणारे वर्तमानपत्राचे कात्रण जोडले. आपण उत्तर दिले, ‘प्रसारण नोंदवही, पान २१२ नुसार सदर भाग वेळापत्रकाप्रमाणे प्रसारित झालेला आहे. सबब अर्ज निकाली.’ अर्जदाराने त्या वेळचे तीन शेजारी साक्षीला आणले. तेच उत्तर. खिडकीवरच्या आपल्या लिपिकाने तर अर्जदाराला विचारले, “आजोबा, कार्टून बघायचं वय आहे का हे?” अर्जदाराने त्याच्या टेबलावरच्या मोबाइलकडे पाहिले. त्यात एक मांजर नाचत होते. आता येत्या तीस तारखेला जुन्या फिती नष्ट करण्याची यादी आपण बाहेर लावली आहे आणि शेळीबाई तिच्यात ८७व्या क्रमांकावर आहेत.

६. तेव्हा पान २१२ वरील नोंदीविषयी. ती नोंद खोटी आहे. ज्याने ती केली तो कारकून कामचुकार, भित्रा आणि आपमतलबी होता. त्या काळी संध्याकाळच्या सर्व कार्यक्रमांच्या नोंदी दुपारी तीन वाजताच भरून टाकायची पद्धत होती. पाच चाळीसला काय दाखवले, हे तीनलाच लिहून मोकळे व्हायचे आणि मागच्या जिन्याने घरी सटकायचे. सगळेच तसे करत, पण सगळे करतात म्हणून ते काम होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चूक दुरुस्त करता आली असती. त्यासाठी लाल शाईने नोंद फिरवायची, खुलासा तीन प्रतींत द्यायचा आणि साहेबांचा शेरा सेवापुस्तकात घ्यायचा, एवढेच होते. पुढच्या मंगळवारी त्या कारकुनाची पदोन्नतीची मुलाखत होती. त्याने पान उलटले. पदोन्नती मिळाली. शेळीने निदान फायली भूक लागली म्हणून खाल्ल्या.

७. सदर कारकून म्हणजे अर्जदार होय. हा अर्ज हाताने लिहिण्याचे कारण हेच. पान २१२ काढावे आणि अक्षर ताडून पाहावे. अर्जदाराचा ‘प्र’ तेव्हाही डावीकडे कलत असे. वर आपल्या कार्यालयाला जे जे बोलला, त्यातले निम्मे अर्जदाराने स्वतःच्या पदरात घ्यावे असे आपण म्हणाल, तर ते खरे आहे. उरलेले निम्मे आपलेच आहे.

८. त्या गुरुवारी अर्जदार लवकर सटकला तो पत्नीसोबत शेवटचा भाग पाहण्यासाठी. तिने शेजाऱ्यांना बोलावले होते, वरच्या घरातून दोन खुर्च्या आणल्या होत्या. सगळ्यांनी चाळीस मिनिटे टाकीचे भाषण पाहिले. मग बातम्या लागल्या आणि शेजारी एकेक करून खुर्च्या उचलून गेले. दुसऱ्या दिवशी पत्नीने विचारले, भाग पुढच्या आठवड्यात दाखवतील ना. दाखवणार कसा? नोंदीप्रमाणे तो झालेला होता. अर्जदार म्हणाला, “वरून आदेश आला. बंद केली.” ती हसली. “म्हणजे झोंबली त्यांना,” म्हणाली. त्यानंतर एकोणतीस वर्षे ती हेच सगळ्यांना सांगत आली आहे, की तिच्या शेळीला वरचे लोक घाबरले. तिला तिच्या कामाची मिळालेली एवढी एकच शाबासकी, आणि ती अर्जदाराने वेळ मारून नेण्यासाठी दिलेली थाप होती. वरच्यांना शेळी ठाऊकही नव्हती. हे लिहिताना अर्जदाराला लाज वाटते.

९. पत्नीची मागणी लहान आहे. त्या काळी चित्रे एकेक करून कॅमेऱ्याखाली टिपली जात आणि फीत थेट केंद्रात जमा होई. चित्र हलताना कसे दिसते, हे काढणाऱ्यालाही प्रसारणाच्या दिवशीच कळे. शेवटच्या दृश्यात शेळीबाई फाटकाशी थांबतात, वळून कार्यालयाकडे बघतात आणि त्यांचा डावा कान एकदा हलतो. त्या कानाची नऊ चित्रे आहेत. पाचवे जमत नव्हते, ते पत्नीने सतरा वेळा काढले. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले आहे, की तिची मधली नजर जात चालली आहे आणि समोरचे दिसण्याचे सहाएक महिने उरले आहेत. ती म्हणते, “गोष्ट मला माहीत आहे. कान हलतो का, तेवढं बघायचंय.”

तरी विनंती, की

अ) पान २१२ वरील नोंद खोटी असल्याचे अर्जदाराच्या कबुलीवरून मान्य करावे. लाल शाईचे पेन अर्जदार सोबत आणेल, कारण आपल्याकडे ते नसणार.

ब) नियम १४ नुसार भाग २६ तीस तारखेपूर्वी दाखवावा. वार आणि वेळ कोणतीही चालेल. बुधवारी चार दहासुद्धा.

क) अर्जदारावर काय कारवाई करायची ती करावी. निवृत्तिवेतन कापायचे तर कापावे, पण त्यासाठी समिती नेमून भाग लांबवू नये. समितीची मुदत किती असते हे अर्जदाराला माहीत आहे, तो अशा तीन समित्यांवर होता.

आपला, आजवर नम्र असलेला,
(सही)
नोंद लिपिक, नंतर वरिष्ठ नोंद लिपिक, आता निवृत्त
दिनांक : ११

सोबत :
१) आपले उत्तर, एक प्रत. उरलेली पाच याच्यासारखीच आहेत.
२) वर्तमानपत्राचे कात्रण.
३) कानाची मूळ चित्रे, नऊपैकी आठ. काम झाल्यावर परत करावीत. पाचवे पत्नी हातातून सोडत नाही.

प्रत माहितीसाठी :
अर्जदाराची पत्नी. मोठ्या अक्षरांत वेगळी लिहिली आहे. तिने ती शेवटपर्यंत वाचल्यानंतरच हा अर्ज खिडकीवर दिला जाईल. म्हणजे तो आपल्या हाती आला असेल, तर घरी आता सगळे माहीत झालेले आहे.