मेंढरांच्या वाड्यात गांडुळं

आबा, तुमच्या मेंढरांच्या वाड्यात मी आता गांडुळं पाळते. तुम्ही असताना हे सांगितलं असतं, तर तंबाखूची चिमूट तशीच बोटांत धरून माझ्याकडं बघत राहिला असता, आणि मग आईला हाक मारून म्हणाला असता, "हिला सासरी कुणी काय खायला घातलंय का इचार जरा." पण खरंच आहे. जिथं कोकरं कोंडायचो तिथं पत्रा टाकलाय, बाजूनं हिरवी जाळी आहे, आत शेण-पाचट भरलेले आठ बेड आहेत, आणि त्यांच्यावर आमचं घर चालतं. चांगलं चालतं.

तुम्ही गेलात तेव्हा आम्ही सांगलीजवळ माधवनगरला होतो. ह्यांचं मागावरचं काम पुढं बरीच वर्षं टिकलं. मग एक दिवस मालकानं माग भंगारात काढले आणि आम्ही पोरांना घेऊन, सामान टेम्पोत घालून गावी परत आलो. दादा फौजेतून सुटून साताऱ्यात राहतो. तो म्हणाला, "मेंढरंच न्हाईत तर वाडा कशाला? तुला काय करायचं ते कर." कोरेगावात एका बाईंनी गोठ्यामागं गांडूळखत सुरू केलं होतं, ते मी जाऊन बघून आले. शेण घालायचं, पाचट घालायचं, वर पाणी शिंपडत राहायचं. गांडुळं ते खातात आणि त्याचं खत होतं. मला वाटलं, यात काय अवघड? माझं अर्धं बालपण लेंड्या भरण्यातच गेलंय. कुणाला जास्त काही विचारायची मला गरजच वाटली नाही.

शेजारच्या म्हशींचं शेण पाट्यांनी आणून मी पहिला बेड भरला, वर गांडुळं सोडली, ओलं गोणपाट टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट उचललं तर गांडुळं बेडच्या कडांवर चढून बाहेर पडलेली, जमिनीवर दोऱ्यासारखी वाळून गेलेली. हे माझ्या मागं येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मी सांगलीला जातो परत. मार्केट यार्डात हमाली तरी मिळंल. तू ऱ्हा हितं." मी हात बेडमध्ये घातला आणि तसाच बाहेर काढला. आत कढत होतं.

तो कढतपणा माझ्या हाताला ओळखीचा होता. मी दहा वर्षांची आहे. आईनं घरामागच्या परड्यात वांगी लावलीत आणि मी तिला खूश करायला वाड्यातल्या ताज्या लेंड्या पाटीभर नेऊन रोपांच्या बुडाशी ओततेय. चार दिवसांत सगळी रोपं माना टाकतात. तुम्ही रानातून येता, बघता, आणि मला दंडाला धरून खताच्या ढिगापाशी नेता. माझं मनगट पकडून हात आत खुपसता. मी ओरडते. "कळलं का?" तुम्ही म्हणता. "ताजं खत म्हंजी इस्तू असतो. गार हुऊ दे आदी. तुझ्या पायावर निखारं ओतलं तर चालंल का?" तुम्ही कमी बोलायचा आबा, आणि बोलायचा ते असं. मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता. तुम्हाला तो कळलासुद्धा नसेल.

त्या सकाळी मी ह्यांना म्हटलं, "आठ दिवस थांबा, मग खुशाल जावा." बेड उपसला आणि एकेक ढेकूळ फोडून जिवंत गांडुळं वेचली. दोन ओंजळी निघाली. वाड्याच्या मागं शेजाऱ्यांनी कधीकाळी टाकलेलं जुनं, भुसभुशीत झालेलं शेण होतं. ते फुटक्या टबात भरलं, लिंबाच्या सावलीत ठेवलं आणि त्यात ती सोडली. सकाळी बघायची, दुपारी बघायची. आठव्या दिवशी बोटानं शेण बाजूला केलं तर सगळी आत, गारव्याला, गुंतून बसलेली. महिन्याभरात मोहरीएवढी पिवळसर अंडी दिसायला लागली. हे सांगलीला गेले नाहीत. त्या दोन ओंजळींवर आज आठ बेड उभे आहेत. आता शेण आलं की आधी पसरते, पाणी मारून मारून गार करते, हात घालून बघते, आणि मगच भरते.

माल तयार झाला तेव्हा तासगावकडचे एक बागायतदार द्राक्षासाठी खत बघायला आले. गाडीतून उतरले आणि मला म्हणाले, "ताई, मालक कुठं हायत?" हे पोती शिवत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "मालक तीच. मी पोती उचलतो." बागायतदार हसले, पण खताकडं बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. "माती मिसळत्यात लय जण. कसं वळखायचं?" मी त्यांच्यापुढं एक पोतं ताडपत्रीवर ओतलं. म्हटलं, "पाण्यात कालवून बघा. तळाला वाळू बसली तर पोती हितंच ठिवून जावा." त्यांनी खरंच बादली मागवली. पाणी ढवळलं, निवळू दिलं, तळ चाचपला, आणि दहा पोती भरून नेली. छाटणीच्या वेळी टेम्पो घेऊन परत आले, तेव्हा त्यांनी मालक कुठं आहेत हे विचारलं नाही. आता त्यांच्याच ओळखीनं सांगलीतल्या दोन रोपवाटिका आमचं खत घेतात. काहीजण नुसती गांडुळं न्यायला येतात, नवा बेड सुरू करायला. धाकट्या लेकीची कॉलेजची सोय ह्यातूनच झाली.

गेल्या महिन्यात वडूजला बचत गटाच्या बायकांपुढं बोलायला बोलावलं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आमचे आबा म्हणायचे, खत तयार झालं का ते नाकाला इचारावं, डोळ्याला न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. मागं सुनेसोबत आलेले एक म्हातारे बसले होते, ते काठी टेकून उभे राहिले. "हिचा बा खतासाठी माझ्या रानात मेंढरं बसवायचा," ते म्हणाले. "व्हय, आसंच म्हणायचा त्यो. म्या सोता ऐकलंय."

आबा, तुम्ही असं कधीच म्हणाला नाहीत. ते वाक्य मी केलेलं आहे. अशी आणखी तीन-चार केलीत. मी माझं म्हणून सांगितलं की बायका आपसांत बोलायला लागतात. म्हाताऱ्या मेंढपाळाचं म्हणून सांगितलं की वहीत लिहून घेतात. त्या म्हाताऱ्यांचं बोलणं मी खोडून काढलं नाही. हात जोडले आणि पुढं बोलत राहिले. म्हणून हे लिहितेय तो कागद मी घरात कुणाच्या हाती लागू देणार नाही. पण येताना एसटीत बसल्यावर सारखं वाटत राहिलं, की म्हणालाही असाल कधीतरी, दुसऱ्याच्या रानात, मी जवळ नसताना.