फुग्याची शेपटी

मास्तर, आज मला तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली, तरी आला. माझ्या अमरावतीच्या छापखान्यात संगणकावर बसणारी मुलगी एका व्यंगचित्रात बोलण्याचा फुगा बसवत होती. तिनं माउस ओढला आणि फुग्याची शेपटी एका माणसाच्या तोंडापासून सुटून दुसऱ्याच्या तोंडाला लागली. "काका, बघा, कोणाच्याही तोंडी काहीही देता येतं," ती हसून म्हणाली. मी चहा तसाच ठेवून उठलो.

आपल्याला त्यालाच अर्धा दिवस लागायचा. अकोल्यात, साप्ताहिकाच्या माडीवर, चित्र तुम्ही काढायचात आणि फुग्यातली अक्षरं मी. वेगळ्या कागदावर लिहायचं, गोल कापायचं, खळीनं चिकटवायचं, मग शाईनं शेपटी ओढायची. माझ्यासारख्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाला तुम्ही अक्षराचं वळण शिकवलंत, पहिला बारीक ब्रश दिलात, हे मी नाकारत नाही. त्या ब्रशावरच माझा धंदा उभा राहिला. पण फुग्यात भरायचं बोलणं बाजारातून मीच आणायचो. "तू ऐकून ये, मी काढतो," असं तुम्हीच म्हणायचात.

तर मी ऐकून आलो होतो. फाल्गुनातलं ऊन, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी मी उभा आहे. कापूस साफ करणाऱ्या बाया प्यायला पाणी मागताहेत. मॅनेजर म्हणतो, "घरून आणत जा." आणि आमच्या गल्लीतली ती बाई, जिला मी वहिनी म्हणायचो, पदर खोचून म्हणते, "साहेब, गाडीच्या बैलाईले हौद भरून ठेवता, आमाले काहून नाई? मंग उद्यापासून आमी बी चार पायावर येतो!" बाया खिदळल्या, मॅनेजर पाय आपटत आत गेला. मी तिला विचारलं, छापू का? "छाप ना भाऊ. पण माह्याच तोंडात ठेवजो." मी शब्द दिला.

चित्र तुम्ही झकास काढलंत. मग कोपऱ्यात काळ्या कोटातला एक वकील काढलात, गावातल्याच एका वकिलाचा चेहरा त्याला दिलात आणि म्हणालात, "शेपटी याच्याकडे वळव."

"मास्तर, हे ती बोलली."

"बाईनं मॅनेजरला असं बोललेलं खपत नाही लोकांना. वकील बोलला तर ऐकतील. वाक्य तर तेच आहे ना?"

मी हट्ट धरला तेव्हा चष्मा काढून डाफरलात, "तुले अक्षरं काढायले ठेवलं, अक्कल शिकवायले नाई!" रागावलात की तुम्हीही वऱ्हाडीवर यायचात.

वाक्य तेच कसं राहिलं, मास्तर? वकील म्हणाला, "बैलांना हौद, यांना नाही? मग उद्यापासून या बायका चार पायांवर येतील!" तिनं स्वतःवर ओढून घेतलेली थट्टा मॅनेजरला झोंबली होती. दुसऱ्याच्या तोंडून तीच बायांच्या अंगावर पडली. आणि ती स्वतः चित्रात खाली मान घालून उभी! अंक निघाला तसे फाटकावरचे गाडीवान ओरडू लागले, "आल्या रे चार पायाच्या! कडबा टाका!" पंधरा दिवसांत पाण्याचे रांजण आले, हे खरं. हार पडला वकिलाच्या गळ्यात. तुम्ही मला विचारलंत, "पाणी मिळालं ना? मग?" मग काय, मास्तर! तहान तिची, हिंमत तिची, आणि बोलणारा तो?

ती अंक घेऊन माझ्या दारात आली. "माहं तोंड कुठी ठेवलं रे तुनं?" मी म्हणालो, मास्तरांनी केलं, मी त्या दिवशी मूर्तिजापूरला पाहुण्यांकडे होतो. "बरं," ती म्हणाली आणि गेली. पुन्हा मला भाऊ म्हणाली नाही.

मी कुठंही गेलो नव्हतो. हुकूम तुमचा, पण शेपटी ओढली मी. 'आमी'चं 'या बायका' मीच केलं, आणि अक्षरं फुग्यात नेमकी बसली म्हणून खूशही झालो. तुम्ही नाही आहात, म्हणून तुमच्यावर चिडणं सोपं. ती आहे अजून, अकोल्यात लेकीकडे. खरं तर आज मी तिलाच लिहायला बसलो होतो. 'वहिनी' एवढं लिहिलं, कागद उलटा केला, आणि मागच्या बाजूला तुमच्याशी भांडत बसलो.