खाचरात उतरणारं विमान

१२ एप्रिल १९३६
सायकलचं मागचं चाक भुशीच्या वाटेवर पुन्हा बसलं. महिन्यात तिसऱ्यांदा. या अन्यायाची दाद कुठे मागावी कळत नाही. म्युनिसिपालिटी म्हणते खिळे आमचे नव्हेत, सौ. म्हणते वजन तुमचंच. दीड मैल मी सायकलीला चालवत आणलं. इंग्रजांचं राज्य गेलं तर जाईल, हे पंक्चर राहणार.

महंमदभाईंच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात बसलो तर तिथे मुंबईचा एक सुटातला गृहस्थ. विमानांचा एजंट! एकट्यादुकट्याने बसायची विमानं. पंख मिटले की टांग्याच्या जागेत मावतात म्हणे. पाचेक वर्षांत प्रत्येक बऱ्या घरासमोर एक. रंगीत चोपडं दाखवलं: टोपीवाली मडम, विमान, मागे बंगला.

विचारलं, वर इंजिन बंद पडलं तर? तरंगत येतं, कुठल्याही सपाट जागी उतरतं, म्हणाला.

महंमदभाई चाकातून मान न काढता म्हणाले, "आमच्याकडं सपाट म्हणजे भाताची खाचरं, साहेब. त्यातबी वीस पावलांवर बांध."

एजंट हसला नाही. चोपडं मी ठेवून घेतलं. चित्र बरं आहे.

१४ एप्रिल
साप्ताहिकाचा लेख झाला. ‘मावळातील शेतकऱ्यांस जाहीर सूचना’. सरकारी थाटात. विमानं येत आहेत, तरी मृगापूर्वी खाचरांचे बांध मोडून जमीन सपाट करावी. म्हशींना वर बघायची सवय लावावी. विमानवाला उतरल्यास ताक विचारावं. शेवटी चार ओळी खऱ्या मताच्या. मोटार अजून कुरवंड्याला धड चढत नाही, सायकल भुशीला पोचत नाही, आणि विमान म्हणे दारात येणार! आलंच तरी इथून कुणाला एवढ्या घाईने कुठे जायचंय?

हे शेवटचं वाक्य फार आवडलं. दोनदा मोठ्याने वाचलं. सौ.ने एकदाच ऐकलं.

२६ एप्रिल
छापून आला. जागेअभावी शेवटच्या चार ओळी उडवल्यात. संपादकांना कळवायला हवं की शेपूट कापलं की माकड आणि मामलेदार यात...
असो. लोक हसले. पोस्टमास्तर फारच.

६ मे
चौथा दिवस, दूध नाही. धोंडिबा कुरवंड्याहून अकरा वर्षं रतीब घालतात. एकदा तापात आले होते, तेही कुरकुरत. बाजारचं दूध आणलं. चहाचा रंग पाहून कळेना की चहात दूध घातलंय की दुधाला चहा दाखवलाय.

उद्या स्वतः जाऊन बघतो. सौ. म्हणाली, भांडायला जाऊ नका. भांडायला नाही, चौकशीला.

७ मे
चालत गेलो. (सायकलीवर विश्वास नाही.)

गावाच्या खालच्या अंगाला धोंडिबांची खाचरं. ओळखूच येईनात. बांध नाहीत! तीन खाचरांचं एक मैदान झालेलं, दगड एका बाजूला रचलेले, आणि धोंडिबा चौथ्या बांधावर पहार घेऊन उभे. मला पाहून आनंदले.

"या तात्या. तुमी लिवल्याप्रमानं चाललंय. शाळंच्या मास्तरांनी देवळात वाचून दावलं. बाकीचे हसत्यात. म्या म्हनलं, तात्या लिवत्यात म्हंजी चौकशी करूनच लिवलं आसंल."

मी रचलेल्या दगडांवर बसलो.

विचारलं, पण विमान तुम्हाला कशाला? त्यांनी मला नागफणीच्या सुळक्याच्या बाजूला कड्याच्या काठापाशी नेलं. खाली कोकण. एक झाडांचा पुंजका दाखवला. थोरली लेक, सखू, तिथं दिली आहे. घाट उतरून जायचं तर अर्धा दिवस, चढायला त्याहून जास्त. बायकोचे, कोंडाबाईंचे, गुडघे गेल्यापासून चार वर्षं मायलेकी भेटलेल्या नाहीत. आगगाडीने फेरा घालायचा तर स्टेशनापासून पुन्हा डोंगर आहेच. कोंडाबाई रोज संध्याकाळी इथे येऊन बसतात. चुलीचा धूर दिसला की उठतात.

"हितनं नुसतं वरनं जायचं तर किती, तात्या? बिडी वडून व्हतीय तवर पोचनार."

खरंच, किती? मी अंतर डोळ्यांनी मोजत बसलो. दोन कोस हवेतून. जास्त नाही.

काही न सांगता परत आलो. धोंडिबांनी तांब्याभर दूध दिलं.

८ मे
सौ.ला सांगितलं. ती नेहमी बोलते तशी बोलली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, "मग बांधाशिवाय भात कसं धरणार त्यांचं?"

नाहीच धरणार. पाणी ठरायचं नाही, लावणी व्हायची नाही. मृग महिन्यावर. वर्षाचं पोट आहे ते.

सांगितलं तर गावात त्यांचं हसं, न सांगितलं तर उपास. ‘कुणाला कुठे जायचंय’ म्हणे. कापलं ते वाक्य हे बरं झालं.

९ मे
सांगून आलो. थट्टा होती, म्हटलं.

धोंडिबांनी पहार खाली ठेवली. मग, "थट्टा व्हय? मग तसं वर लिवायचं न्हाई का?"

पंचवीस वर्षं लिहितोय. एवढी स्वच्छ टीका कुणी केली नव्हती.

एकट्याने महिन्यात होतील का बांध, विचारलं. "कशाचं व्हतंय," म्हणाले. भावकीला हाक मारणार नाहीत. आधी हसलेत ना ते.

११ मे
महंमदभाईंकडून फावडं आणि माती ठोकायचं धुम्मस मागून घेतलं. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. सायकलला आपणहून नवी ट्यूब घातली.

पहाटे निघून उन्हं चढेपर्यंत. दगड धोंडिबा लावतात, माती मी ओढतो. बोलत नाहीत. हातांना फोड.

१४ मे
आज बोलले. "माती बगा, लेखावानी पातळ टाकताय."

दुधाचा रतीब सुरू.

२३ मे
टपालाचं विमान घाटावरून गेलं. दोघांनी काम थांबवलं. मी म्हटलं, त्या एजंटाच्या विमानाला हे ढग, हा वारा झेपायचा नाही; शिवाय घेणार कोण, दुरुस्त करणार कोण, महंमदभाई? धोंडिबा म्हणाले, "तुमची सायकल बी त्येच दुरुस्त करत्यात न्हवं?"

यावर विचार करायला हवा.

३० मे
शेवटचा बांध. धुम्मसाने ठोकून घेतला, वर चालून पाहिलं. धरतो.

खाचरांबरोबर वरचा माळाचा तुकडाही धोंडिबांनी विमानासाठी सपाट केला होता, तो तसाच ठेवलाय. "तितं तसं बी काय पिकत न्हाई." पिशवीतून ते रंगीत चोपडं काढून कोंडाबाईंना दिलं. त्यांनी मडमेवरून बोट फिरवलं, मग पंखांवरून.

"दादा, कंदीच येनार न्हाई व्हय ह्ये?"

उत्तर तोंडात तयार होतं. अशी उत्तरं माझ्याकडे नेहमी असतात.

"ठाऊक नाही, मावशी," म्हटलं, आणि फावडं धुवायला ओढ्यावर गेलो.