डोळ्याला लावलेलं पाणी

४ ऑगस्ट, सोमवार
कानबाईमातेला तापी नदीत पोचवून आलो. नवस फिटला एकदाचा! माझी किडनी ह्यांना बसवली त्याला जूनमध्ये वर्ष झालं, अजून छान चालतेय — म्हणून यंदा कानबाईच्या नैवेद्याचे रोट आमच्या घरी. डॉक्टरांनी गर्दीत, नदीत जायला मनाई केलीय, तर हे ओवाऱ्याच्या, म्हणजे घाटाच्या, वरच्या पायरीवरच उभे राहिले. मला वाईट वाटलं. ओंजळ भरून वर नेली, ओली बोटं त्यांच्या दोन्ही डोळ्यांना लावली. हसले.

७ ऑगस्ट
उजवा डोळा जरासा लाल. "काहीच दुखत नही," म्हणाले आणि लूमवर, कापड विणायच्या कामाला गेले.

९ ऑगस्ट
नणंद मनीषा राखी बांधायला आली. ओवाळताना तिलाच दिसलं — बुबुळावर पांढरा ठिपका! लिंबायतच्या घरून रिक्षा करून थेट डोळ्यांचा दवाखाना.

डॉक्टर म्हणाले, किडनी टिकवायच्या गोळ्या अंगातली लढायची ताकदच कमी करतात. म्हणून लाली कमी, दुखणं कमी, आणि जंतूंना मोकळं रान. मग विचारलं, "आँख में क्या गया था? नदी का, टंकी का पानी?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच हे बोलले, "लूम का कचरा, साहब."

मी तोंड मिटलं. बरं वाटलं मला. हो, बरं वाटलं!

११ ऑगस्ट
दर तासाला थेंब. गजर, थेंब, गजर, थेंब. काही वाटतच नाही. भात करपला, तसाच खाल्ला. मनीषा लूमच्या नावानं बोटं मोडतेय — "त्या लूमनी मना भाऊना डोया खादा!" मी भांडी घासत होते, घासत राहिले.

१३ ऑगस्ट
रिपोर्ट आला. पाण्यातले जंतू. डॉक्टर चिडले — पहिल्याच दिवशी पाण्याचं सांगितलं असतं तर हे औषध तेव्हाच सुरू केलं असतं, चार दिवस फुकट गेले. "पता नहीं, साहब," हे म्हणाले. मी फाईल धरून उभी होते.

१६ ऑगस्ट
बुबुळ फुटलं. उजवा डोळा काढला. कागदावर सही मी केली. सही नेहमीसारखीच आली.

१९ ऑगस्ट
सांगून टाकलं आज. पाणी मी लावलं होतं, मला आठवत होतं, तरी डॉक्टरांपुढे गप्प बसले.

पट्टीवर हात ठेवून म्हणाले, "माले माहीत व्हतं. पहिला दिनपाईन."

मग तुम्ही का नाही बोललात?

पट्टीवरचा हात काढला. मग — "तुन्ही किडनी मन्हा पोटमा शे. तुन्हं नाव कसं लेऊ?"

२० ऑगस्ट
किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आला. किडनी दिली नसती, तर त्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांपुढे माझं नाव घेतलं असतं.