पाचवी फेरी

३ तारीख, सोमवार

आज पहिली मुलाखत झाली आणि चक्क मजा आली! अकरा वर्षं जाहिरातीच्या एजन्सीत बसून दुसऱ्यांचे साबण, विमे आणि गाद्या खपवायला मजकूर लिहिला. आता एकाच कंपनीत, एकाच टेबलाशी बसून लिहायचं. इमारत झकास आहे. लिफ्टमध्ये आरसा, कुंड्यांतली झाडं चक्क जिवंत, आणि सहाला सगळे उठून घरी जातात म्हणे. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. एचआरची बाई हसून म्हणाली, सहा म्हणजे सहाच.

माझी लेक सात वर्षांची आहे. आम्ही दोघीच. शाळा सुटली की ती शेजारच्या काकूंकडे, आणि मी पोचते तोवर झोपलेली. परवा तिनं माझं चित्र काढलं, त्यात नुसती पाठ आणि खांद्याला पर्स. तिच्यासाठी ही नोकरी हवी. बाकी कोणाला काही करून दाखवायची हौस आता फिटली.

६ तारीख, गुरुवार

दुसरी फेरी. चाचणी म्हणून मजकूर मागितला: कामातला सर्वांत अभिमानाचा क्षण, चारशे शब्दांत. एजन्सीवाल्याकडे कोणी काहीही मागितलं की तोंडातून आपोआप निघतं, होऊन जाईल. नाही म्हणायला आम्हाला कोणी शिकवतच नाही. जेवायच्या सुट्टीत लिहून पाठवलं. खाली एक ओळ होती, की हा मजकूर यापुढे कंपनीचा. आमच्याकडेही तेच चालतं. दिलं की ते गिऱ्हाइकाचं, आपलं नाव कुठेच नाही.

११ तारीख, मंगळवार

तिसरी फेरी. किती फेऱ्या घेणारेत, देव जाणे. समोर करड्या कोटातली एक बाई बसते, माझ्याच वयाची. बोलत नाही, नुसती ऐकते. या वेळी लहानपणची आठवण मागितली. बाबांनी सायकल शिकवली ते लिहिलं. लिहिताना डोळे भरून आले, त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

संध्याकाळी एजन्सीतल्या आमच्या चित्रकारानं सहज विचारलं, तुला बक्षीस मिळालं ते काम कोणतं गं? आठवेना. गेल्या गुरुवारीच त्याच्यावर चारशे शब्द लिहिले होते. दमलेय, दुसरं काय.

१४ तारीख, शुक्रवार

आईचा फोन. म्हणाली, बाबांनी तुला सायकल शिकवली तो उतार आता सपाट केला. मी म्हटलं, मला कुठे सायकल येते? आई म्हणाली,

"अगं, मग हनुवटीवरची खूण कशाची आहे तुझ्या?"

आरशात पाहिलं. खूण आहे. कशाची ते माहीत नाही.

१८ तारीख, मंगळवार

चौथी फेरी, नुसत्या गप्पा. करड्या कोटातली बाई पहिल्यांदाच बोलली. वडिलांनी तिला सायकल शिकवली, उतारावर हात सोडला, ती भिंतीवर आदळली आणि तिच्याआधी तेच रडायला लागले. इतकं गोड सांगितलं की मी मनापासून हसले. बोलताना ती सारखी हनुवटी चोळत होती.

बाहेर येऊन मी मागच्या आठवड्यात पाठवलेला मजकूर फोनवर उघडला. शब्दन् शब्द तोच. मग जिन्यातच बसले.

२० तारीख, गुरुवार

पाचव्या फेरीचं काम आलं. सहाला घरी कोणासाठी जायचंय? पाचशे शब्द, तपशील भरपूर हवेत.

नाही लिहिणार. खड्ड्यात गेली ती नोकरी. एजन्सीतच झिजेन, पण हे देणार नाही.

२१ तारीख, शुक्रवार

दुपारी मीटिंगमध्ये असताना त्या कंपनीचा मेल आला. अजून काही मिळालं नाही, निदान दिशा तरी कळू दे. इकडे एका गादीवाल्याचे सातव्यांदा बदल चालू होते, डोकं भणभणत होतं. आमची एक खोड आहे, पुरं झालं नसेल तर अर्धा कच्चा खर्डा पाठवून द्यायचा, म्हणजे गिऱ्हाईक गप्प बसतं. लेकीवर तीन परिच्छेद लिहिले. पाठवले. पाठवल्यावर भानावर आले.

फोन करून परत मागितले, अक्षरशः रडले. एचआरची बाई शांतपणे म्हणाली, दिलेलं परत घेत नाहीत, तुम्हाला तर हे ठाऊक असेलच.

२२ तारीख, शनिवार

विसरायच्या आत लिहून ठेवते. पुढचा दात पडलाय. झोपताना माझा कान धरते. चिडली की — चिडली की काय करते? नाव लिहायला घेतलं आणि —

काकूंना विचारू? काय म्हणतील?

आतून हाक येतेय. आई म्हणून. मी ओ दिली. ओ द्यायची असते, म्हणून दिली.

२४ तारीख, सोमवार

उरलेला मजकूर मागितला. द्यायचा नाही असं ठरवलं होतं बहुतेक — का, ते आठवेना. होऊन जाईल म्हटलं.

२६ तारीख, बुधवार

नोकरी मिळाली. सहाला सुट्टी. सहानंतर काय करायचं, सुचत नाही. घरात एक छोटी खाट आहे, ती कधी घेतली कोण जाणे.

खाली फाटकाशी करड्या कोटातली बाई उभी आहे. बरोबर एक मुलगी, तिचीच असणार. पोर हात सोडवून घेतेय, आमच्या खिडकीकडे बघून आई, आई म्हणून हंबरडा फोडतेय. बाईला जमत नाही — नवीन दिसतेय — असं ओढायचं नसतं. आधी जवळ घ्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचं — सोपं असतं, मला येत होतं — म्हणायचं की —